धुण्याची पावडर : फेस, वास आणि पांढरेपणा

महिन्याचा किराणा भरताना आपण तुरीची डाळ तळहातावर घेऊन बघतो, तांदळाचा दाणा दाताखाली चावून पाहतो, तेलाचा वास घेतो. यादीच्या शेवटी 'धुण्याची पावडर, दोन किलो' असे लिहिलेले असते आणि तिथे मात्र पारख संपते. जाहिरातीत जी दिसली, दुकानदाराने जी पुढे केली किंवा जिच्यासोबत बादली फुकट मिळाली, ती पावडर घरात येते. वास्तविक या वस्तूचा अंश, थोडा का होईना, कपड्यांत राहून घरातल्या प्रत्येकाच्या अंगाला दिवसभर लागलेला असतो. घरातल्या एखाद्या स्त्रीचे हात रोज अर्धा-पाऊण तास तिच्या पाण्यात बुडालेले असतात. आणि शेवटी ती सगळीच्या सगळी मोरीतून नालीत, नालीतून नाल्यात आणि पुढे नदीत किंवा परसातल्या जमिनीत जाते. म्हणून आरोग्याच्या सदरात तिच्याविषयी लिहिणे अस्थानी होणार नाही.

अमुक कंपनीची पावडर चांगली आणि तमुक वाईट, असे या लेखात सांगितलेले नाही. सांगायचे आहे ते एवढेच की आपण फेस, वास आणि पांढरेपणा या तीन गोष्टी बघून पावडर निवडतो. या तिन्हींचा स्वच्छतेशी फारसा संबंध नाही. त्रासाशी मात्र बराच आहे. पावडर कोणती आणली यापेक्षा ती किती टाकली आणि कपडे किती पाण्यातून काढले, यावर घरातल्या माणसांची कातडी आणि गावाचे पाणी जास्त अवलंबून असते.

मळ निघतो कसा?

कपड्यावरचा मळ म्हणजे घाम, अंगाचे तेल आणि त्याला चिकटलेली धूळ. नुसत्या पाण्याने तेलकटपणा जात नाही. साबणाच्या किंवा डिटर्जंटच्या सूक्ष्म कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. तेलाकडचे टोक मळात रुतते, पाण्याकडचे बाहेर राहते, आणि कपडा चोळला की मळ सुटून पाण्यात येतो. या कामात फेसाचा वाटा जवळजवळ नाही. फेस म्हणजे साबणाच्या पातळ पापुद्र्यात अडकलेली हवा. बादली फेसाने वर आली म्हणजे कपडे जास्त स्वच्छ होतात हा समज जाहिरातींनी घट्ट केला आहे. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशिनसाठी मुद्दाम कमी फेसाची पावडर काढतात आणि तिनेही कपडे निघतातच, हे लक्षात घ्यावे.

साबण आणि डिटर्जंट यांत मात्र फरक आहे. साबण हा तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांपासून होतो. डिटर्जंटमधले मुख्य द्रव्य बहुधा खनिज तेलापासून काढलेल्या रसायनांपासून तयार करतात. भारतात डिटर्जंट पावडरी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आल्या. सर्फ १९५९ मध्ये बाजारात आली. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केली आणि पावडर सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागली. तोपर्यंत साबणाची वडी, धुण्याचा सोडा, रिठे आणि वरठ्याची भट्टी यांवरच सारा कारभार होता.

डिटर्जंट आपल्याकडे इतके झपाट्याने रुजण्याचे एक कारण पाण्यात आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक विहिरी आणि बोअर काळ्या पाषाणात खोदलेल्या आहेत. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात, म्हणून पाणी जड होते. पाणी तापवायच्या गंजाला आतून पांढरा थर बसतो तो यांचाच. जड पाण्यात साबण फेसाळत नाही. त्याची चिकट साय होते आणि ती कपड्यात अडकते. डिटर्जंटला जड पाण्याचा एवढा अडथळा होत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपले पाणी किती जड आहे याचा अंदाज घरीही येतो. एका बाटलीत पावसाचे आणि दुसरीत विहिरीचे पाणी घेऊन दोन्हींत धुण्याच्या साध्या साबणाचा सारखाच कीस टाकावा आणि बाटल्या हलवाव्यात. एकीत फेस आणि दुसरीत गढूळ साय दिसली की उत्तर मिळाले.

पाकिटात काय काय असते?

पावडरीच्या पाकिटात साधारणपणे पुढील गोष्टी असतात.

१) मळ सोडवणारे मुख्य द्रव्य. स्वस्त पावडरीत हे कमी, महाग पावडरीत अधिक.

२) धुण्याचा सोडा आणि सोडियम सिलिकेट. यांनी पाण्याचा जडपणा कमी होतो आणि तेलकट मळ सुटायला मदत होते. सोडा ही भेसळ नव्हे. पण हाताला झोंबतो तो मुख्यतः हाच. अगदी स्वस्त पावडरीत याचेच प्रमाण मोठे असते.

३) काही पावडरींत फॉस्फेट. तेही जड पाण्यावरचा उपाय म्हणून घालतात. त्याचा परिणाम पुढे नदीच्या संदर्भात पाहू.

४) चमक आणणारी द्रव्ये. ज्येष्ठ वाचकांना टिनोपाल आठवत असेल. ही द्रव्ये कपड्याला चिकटून राहतात, उन्हातले अदृश्य अतिनील किरण शोषतात आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतात. डोळ्याला कपडा अधिक पांढरा वाटतो. मळ मात्र त्यांनी तिळभरही निघत नाही. म्हणजे 'पांढराशुभ्र' हा स्वच्छतेचा पुरावा नव्हे, तो कपड्याला दिलेला रंगच म्हणायचा.

५) एन्झाइम, म्हणजे विकरे. रक्त, दूध, अंडे, वरण यांचे डाग ती पचवतात. १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या डिटर्जंटच्या कारखान्यात एन्झाइमची धूळ श्वासात जाऊन कामगारांना दमा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर एन्झाइमला आवरण देऊन त्याचे दाणे करू लागले. घरच्या वापरात हा धोका कमी आहे. तरी दमेकऱ्याने पाकीट झटकून पावडर ओतू नये.

६) वास आणि रंग. पावडरीतले निळे-हिरवे दाणे आणि चार दिवस टिकणारा सुगंध मुख्यतः आपल्याला आवडावा म्हणून असतात. डिटर्जंटची खरी ॲलर्जी ज्या थोड्या लोकांना होते त्यांत सुगंधी द्रव्यांचा, तसेच पातळ डिटर्जंट टिकावे म्हणून घातलेल्या रसायनांचा वाटा मोठा असतो.

याखेरीज वजन भरण्यासाठी सोडियम सल्फेट किंवा मीठ असते. पावडरींच्या किमतीत फरक का पडतो, हे या यादीवरून ध्यानात येईल. महाग पावडरीत मुख्य द्रव्य अधिक असते हे बहुधा खरे. पण वाढीव किमतीचा काही भाग वास, रंग आणि जाहिरात यांतही जातो.

हातांचे दुखणे

निरोगी त्वचा किंचित आम्ल असते. तिचा सामू पाचच्या आसपास असतो. पावडरीचे पाणी मात्र तीव्र अल्कली असते. त्याचा सामू दहा-अकरापर्यंत जातो. अशा पाण्यात हात रोज बुडाले की त्वचेवरचे नैसर्गिक तेल धुऊन जाते, कातडी कोरडी पडते, बोटांच्या पेरांवर आणि तळहातावर भेगा पडतात, आग होते. पुढे त्यात जंतू शिरून पू होतो. याला आपण हाताचे इसब म्हणतो. सुरुवात पुष्कळदा अंगठीखाली होते, कारण तिथे साबणाचे पाणी अडकून राहते. 'अंगठीचे सोने खोटे निघाले' असे समजून अंगठी बदलली जाते आणि इसब वाढतच राहते.

हा बहुतेक वेळा ॲलर्जीचा नव्हे तर झिजेचा आजार असतो. म्हणूनच तो घरात ज्या व्यक्तीचे हात सर्वांत जास्त वेळ पाण्यात असतात तिलाच होतो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगावच्या वस्त्यांत चार-पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या हाताला दिवसातून चार-पाच वेळा वेगवेगळ्या पावडरी लागतात. मलम लावून तीन दिवस बरे वाटते आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच, कारण काम थांबवता येत नाही. हातमोजे आणि त्यांचा वापर हाच यावरचा खरा उपाय, आणि त्याचा खर्च कामाला ठेवणाऱ्या घराने करावा असे मला वाटते.

हातांसाठी पुढील काळजी घ्यावी.

— पावडर हाताने न ढवळता काठीने किंवा पळीने पाण्यात विरघळवावी. कोरडी पावडर ओल्या हातात घेऊ नये.

— रबरी मोजे घालावेत. आत घाम येत असेल तर आधी पातळ सुती मोजे घालून त्यावर रबरी घालावेत. मोज्यात पाणी शिरले तर ते तत्काळ काढावेत. आत कोंडलेले साबणाचे पाणी उघड्या हातापेक्षा वाईट.

— धुण्याआधी अंगठी काढून ठेवावी. धुणे झाल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. रात्री झोपताना पुन्हा लावावे.

— भेगा पडल्या असतील तर त्यात हळद, चुना, लिंबाचा रस भरू नये. दोन आठवड्यांत उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून 'पांढरे मलम' आणून महिनोन्‌महिने चोळू नये. त्यात बहुधा स्टिरॉइड असते आणि कातडी आणखी पातळ होते.

अंगावरची खाज साबणाचीच असते का?

अंगाला खाज सुटली की पहिला संशय पावडरीवर जातो. संशय प्रत्येक वेळी खरा नसतो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सातशेहून अधिक रुग्णांची डिटर्जंटसाठी त्वचा-चाचणी केली होती. त्यात डिटर्जंटची ॲलर्जी एक टक्क्याहूनही कमी जणांना निघाली. याचा अर्थ पावडर निरुपद्रवी आहे असा नाही; पण दर वेळी पावडर बदलत बसल्याने खरा रोग मागे राहतो.

आपल्या वैद्यकशास्त्रात याचे एक बोधप्रद उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, पाठीवर पुरळ उठून चिघळू लागले. दोष धोब्याच्या साबणाचा असेल असे कोणालाही वाटावे. १९४३ मध्ये डॉक्टरांनी उलगडा केला तो वेगळाच. कपडे ओळखू यावेत म्हणून धोबी कॉलरवर बिब्ब्याच्या रसाने खूण करीत. पुरळ बरोबर त्या खुणेखाली उठत होते. बिबा अंगावर उततो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. सैनिकांना ते कोठून ठाऊक असणार!

यातला धडा असा की खाज कोठे आहे ते आधी बघावे. काखेच्या कडेने, कमरेच्या नाडीखाली, म्हणजे कपडा जेथे घट्ट घासतो आणि घाम साचतो तेथे लाली असेल, तर कपड्यात राहिलेला साबण, कपड्याचा रंग किंवा नाडीतले रबर यांचा विचार करावा. जांघेत, कमरेवर गोल, कडा उठावदार आणि मध्ये निवळलेला चट्टा असेल तर ते गजकर्ण. ते साबणाने होत नाही आणि साबण बदलून जात नाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती रात्री खाज आणि घरात आणखी दोघांना तेच, तर ती खरूज. गजकर्ण आणि खरूज असलेल्या रुग्णाचे कपडे वेगळे, कडकडीत गरम पाण्यात भिजवून धुवावेत आणि कडक उन्हात वाळवावेत. येथे महाग पावडरीपेक्षा गरम पाणी अधिक कामाचे.

नव्या पावडरीची ॲलर्जी आहे का हे बघण्यासाठी ती ओली करून दंडावर बांधण्याचा प्रयोग कोणी करू नये. तशी बांधली तर निरोगी माणसाचीही कातडी भाजेल. ही चाचणी त्वचारोगतज्ज्ञ ठराविक प्रमाणात पातळ करून घेतात.

हळदीची परीक्षा

कपड्यात साबण उरला आहे की नाही, हे ओळखण्याचे साधन आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पांढऱ्या कपड्यावर वरण सांडले आणि त्यावर साबण लावला की पिवळा डाग लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिलेले आहे. हळद अल्कलीत लाल होते. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो तो याच गुणामुळे.

पांढऱ्या सुती चिंधीवर हळदीचे पाणी लावून ती वाळवावी. तिच्यावर एका जागी आपल्या विहिरीचे किंवा नळाचे साधे पाणी, दुसऱ्या जागी पावडरीचे पाणी आणि तिसऱ्या जागी धुतलेला कपडा शेवटी पिळल्यावर निघालेले पाणी, असे एकेक थेंब टाकावेत. साध्या पाण्याचा थेंब पिवळाच राहील, पावडरीचा तांबडा होईल. तिसरा थेंब पहिल्यासारखा दिसला तर कपडे नीट खळबळले गेले. तो तांबूस झाला तर अजून एक पाणी हवे. या परीक्षेत वास किंवा रंगाची द्रव्ये कळत नाहीत, सोडा तेवढा कळतो. पण घरच्या कामाला ती पुरेशी आहे.

ही परीक्षा केल्यावर बहुतेक घरांत असे आढळेल की दोन पाण्यांत साबण निघत नाही. मग उन्हाळ्यात पाण्याची ओढ असताना तिसरे-चौथे पाणी आणायचे कोठून? उपाय उलट्या बाजूने करावा. सध्या जेवढी पावडर टाकतो तिच्या निम्मी टाकून बघावी आणि कॉलर, बाही, पायजम्याचा घेर एवढ्याच जागी साबणाची वडी वेगळी लावावी. रोजच्या घामाच्या कपड्यांना एवढे पुरते. पावडर कमी, म्हणून फेस कमी. फेस कमी, म्हणून पाणी कमी. अर्धा तास भिजवणे पुरे. रात्रभर भिजवून अधिक मळ निघत नाही, कपड्यांना कुबट वास मात्र येतो.

लहान मुलांच्या घरात

तान्ह्या बाळाची कातडी नाजूक, आणि लंगोट-दुपट्यात साबण उरला तर लघवीच्या ओलाव्याने तो पुन्हा जागा होतो. बाळाचे कपडे बिनवासाच्या साध्या साबणाने किंवा थोड्या पावडरीने वेगळे धुवावेत, तीन पाण्यांतून काढावेत आणि उन्हात वाळवावेत. त्यांना जंतुनाशक द्रव, सुगंधी कंडिशनर, नीळ यांची गरज नाही. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे बाळाला तसेच घालू नयेत. जी-सिक्स-पी-डी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाचे रक्त त्या वाफेने फुटून कावीळ होऊ शकते.

पावडर, पातळ डिटर्जंट, निळीची बाटली आणि ब्लीच ही मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर ठेवावीत. सुटे पातळ डिटर्जंट थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धत घातक आहे. मुलाने पावडर किंवा डिटर्जंट तोंडात घातले तर तोंड पुसून चूळ भरवावी आणि घोटभर पाणी किंवा दूध द्यावे. ओकारी मुद्दाम काढू नये. फेस श्वासनलिकेत जातो आणि पोटापेक्षा छातीला धोका होतो. खोकला, धाप, वारंवार उलटी किंवा गुंगी दिसली तर पाकीट सोबत घेऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. गाडी नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांकडे जावे. गुलाबपाणी, मध, आईचे दूध डोळ्यात घालू नये.

आणखी एक इशारा. कपड्यांचे ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड ही कधीही एकत्र करू नयेत. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

फवारणीचे कपडे

'पावडर निम्मी करा' या सल्ल्याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या कपाशीच्या मुलखात महत्त्वाचा आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणारा घरी येतो तेव्हा विष त्याच्या कपड्यांबरोबर घरात येते आणि ते कपडे चोळणाऱ्या स्त्रीच्या हाताला लागते.

फवारणीचे कपडे घराबाहेर उतरवावेत. ते घरच्या धुण्यात कधीही मिसळू नयेत. मोजे घालून, वेगळ्या बादलीत, आधी साध्या पाण्यात बुडवून ते पाणी विहीर, नाला, जनावरांचे टाके यांपासून दूर टाकावे. नंतर गरम पाण्यात डिटर्जंट पावडर पूर्ण मापाने घालून दोनदा धुवावेत. कीटकनाशके पुष्कळदा तेलकट स्वरूपात असतात, म्हणून येथे नुसत्या साबणाच्या वडीपेक्षा डिटर्जंट चांगले. कपडे उन्हात वेगळे वाळवावेत, बादली आणि मोजेही धुवावेत. मूळ डब्यातले घट्ट औषध ज्या कपड्यावर सांडून मुरले तो कपडा धुऊन वाचवू नये, टाकून द्यावा.

नदी आणि काळी माती

मोरीतून गेलेले पाणी आपल्या दृष्टीने संपले. ते जाते मात्र धाम, यशोदा, वणा या नद्यांकडे आणि तेथून वर्धा नदीत. वर्धा शहर तर धामचेच पाणी पिते.

डिटर्जंटने नदीचे काय होते याचा अनुभव जगाने घेतला आहे. १९५० च्या दशकात जे डिटर्जंट वापरात होते ते पाण्यातल्या जंतूंना पचत नव्हते. युरोप-अमेरिकेच्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिले. तेव्हा जर्मनीने कायदा केला, तो १९६४ पासून लागू झाला. पाठोपाठ अमेरिकेतल्या कारखान्यांनीही १९६५ मध्ये द्रव्य बदलले. आज वापरले जाणारे द्रव्य वाहत्या, हवा मिसळलेल्या पाण्यात विघटन पावते. साचलेल्या, कुजक्या गटारात मात्र हे काम रेंगाळते. दिल्लीत यमुनेवर दिसणारा पांढरा फेस हा प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा आणि त्यातल्या डिटर्जंटचा आहे.

फॉस्फेटचा उपद्रव निराळा. ते वनस्पतींचे खत आहे. पाण्यात ते वाढले की शेवाळ आणि जलपर्णी माजते, ती कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. युरोपीय संघाने म्हणूनच जून २०१३ पासून घरगुती धुण्याच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली.

परसबागेला धुण्याचे पाणी सोडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पावडरीतला सोडा, सिलिकेट, सल्फेट, मीठ हे सारे सोडियमचेच क्षार. काळ्या मातीत सोडियम साचला की माती चोपण होते. ओली असताना चिकट, वाळल्यावर दगडासारखी, आणि पाणी खाली मुरत नाही. पश्चिम विदर्भातला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा ज्याने पाहिला त्याला अधिक सांगायला नको. म्हणून साबणाचे पहिले पाणी शोषखड्ड्यात सोडावे, आणि शेवटचे खळबळलेले पाणी झाडांना द्यावे, तेही रोज एकाच वाफ्यात नको. विहिरीच्या काठावर, हातपंपाच्या ओट्यावर कपडे धुऊ नयेत. ते पाणी झिरपून पुन्हा आपल्याच हंड्यात येते.

मग घ्यावे काय?

'नैसर्गिक' एवढा शब्द वाचून भुलू नये. रिठ्याचा फेस रेशमी आणि लोकरी कपड्यांना उत्तम. पण तो डोळ्यात गेला तर डोळा सुजतो आणि पाण्यातल्या माशांना तो विषारी आहे. तो निसर्गातून आला, म्हणून ओंजळभर नदीत ओतावा असे नाही.

साबणाची वडी मात्र पुन्हा विचारात घेण्यासारखी आहे. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तेथे तेलघाणी आणि हातकागदाबरोबर साबणनिर्मितीवरही काम झाले. साबण पाण्यात लवकर विघटन पावतो आणि त्यात चमक आणणारी द्रव्ये घालावी लागत नाहीत. ज्यांच्याकडे नळाचे हलके पाणी आहे किंवा पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी साठवता येते, त्यांनी रोजच्या कपड्यांना तो जरूर वापरून बघावा. बोअरचे जड पाणी असेल तर पावडरच बरी. घरी कॉस्टिक घालून साबण करण्याच्या फंदात अननुभवी माणसाने पडू नये. त्याचा एक थेंब डोळा घालवू शकतो.

पावडर निवडताना पाकीट उलटे करून मागची बाजू वाचावी. घटकांची नावे छापलेली असावीत. फॉस्फेटमुक्त असे लिहिलेले असल्यास तीस पसंती द्यावी. वास आणि रंगीत दाणे जितके कमी तितके चांगले. पोत्यातून सुटी विकली जाणारी, नाव-पत्ता नसलेली पावडर घेऊ नये. तिच्यात सोडा किती हे कोणालाच सांगता येत नाही. केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणाला कमी हानिकारक वस्तूंसाठी इकोमार्क ही मडक्याची खूण सुरू केली आणि २०२४ मध्ये तिचे नवे नियम केले. दुकानात ही खूण क्वचितच दिसते. ग्राहकांनी विचारणा केली तर ती वाढेल. हाताने धुणाऱ्यांनी मशिनची पावडर आणू नये, कारण ती हातांचा विचार करून बनवलेली नसते.

आणि घरी आणल्यावर डब्यात एक छोटा चमचा कायमचा ठेवून द्यावा. ओंजळीने किंवा पाकीट तिरपे करून पावडर टाकण्याची सवय गेली, की महिन्याला लागणारे पाकीट दीड महिना पुरू लागेल. वाचलेल्या पैशांत रबरी मोज्यांचा एक जोड येतो. धुणे घरची बाई करीत असो वा बाहेरून येणारी, तो तिच्या हाती आधी द्यावा.